भूल द्यायला शिकले तो उन्हाळा

आषाढ लागला की पनवेलच्या भाजीबाजारात एका कोपऱ्यावर कच्छचे ओले खजूर येतात. पिवळेधमक, काडीसकट. लोक ते हातात घेऊन बघतात, "हे कसं खायचं?" असं विचारतात आणि बहुतेक जण परत ठेवून देतात. मी मात्र घेते. घरात एकट्या मलाच ते आवडतात. प्रकाश, माझा नवरा, म्हणतो, "घसा धरतो तो." धरतोच. पहिल्या घासाला जीभ जड होते, तोंड कोरडं पडतं, आणि मग मागून कुठून तरी गोडी येते. त्या मधल्या तुरट क्षणात मी रुस्ताकला जाऊन येते.

रुस्ताक हे ओमानमधलं, मस्कतपासून दोनेक तासांवरचं गाव. मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर, पुढे खजुरांच्या बागा, मध्ये किल्ला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी बाजार. डोंगरातलं पाणी पाटानं बागांत आणलेलं होतं. आमच्या देवरूखच्या शिपण्याच्या पाटासारखाच त्याचा आवाज. फक्त तिकडे वर बघितलं तर सुपारीऐवजी खजूर. जूनमध्ये झाडांवर घड पिवळे व्हायला लागायचे आणि जुलैत हवाच बदलायची. काही जातीचे खजूर तिथं कच्चेच उतरवतात, मोठमोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात पसरून वाळवतात. त्याची होते खारीक. ती पोत्यांत भरून आपल्याकडे येते. मला तोवर वाटायचं, खारीक झाडालाच तशी सुरकुतलेली लागते! माझ्या मुलीच्या, केतकीच्या, वेळी आईनं देवरूखहून डिंकाचे लाडू पाठवले होते. त्यातली खारीक कदाचित आमच्याच मागच्या बागेतून निघून, कोकणात जाऊन, लाडवात बसून परत आली असेल. त्या उकळत्या खजुरांचा वास गुळाच्या काहिलीसारखा, पण थोडा धुरकट. संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेलं की तो वाळलेल्या चादरींनाही लागलेला असायचा.

ही नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट.

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि लग्नानंतर प्रकाशच्या पाठोपाठ ओमानला आले. तो एसी मेकॅनिक. मला तिथल्या हॉस्पिटलात वॉर्डात काम मिळालं. तीन पाळ्या असायच्या. कधी मी घरात शिरतेय आणि तो निघतोय, कधी तो जेवतोय आणि मी झोपलेय. केतकी चार वर्षांची झाली तेव्हा एक दिवस मेट्रननं मला बोलावलं. थिएटरमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांना हाताखाली शिकलेल्या नर्स हव्या होत्या. मस्कतच्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षभर शिकायचं, तिथंच हॉस्टेलवर राहायचं, परीक्षा द्यायची आणि परत यायचं. "मग तुला वॉर्डच्या पाळ्या नाहीत," मेट्रन म्हणाली.

मला तेवढंच ऐकू आलं. पाळ्या नाहीत. म्हणजे रोज संध्याकाळी घरी. एक वर्ष दूर राहायचं, म्हणजे पुढची सगळी वर्षं जवळ राहता येईल, असा माझा साधा विचार होता.

"जा तू, वृंदा," प्रकाश म्हणाला. "आम्ही दोघं काय उपाशी मरतोय?"

त्याला आमटी, भात आणि अंड्याची पोळी एवढंच करता येत होतं. पण आमच्या भिंतीला भिंत लावून जुबेदाभाभी राहत होत्या. त्या हर्णैच्या. त्यांच्या नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान होतं. तीन मुलगे, तिघंही शाळेत जाणारे. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, मना काय तरास? माजे तिघे, तशी ही चवथी. तू गप जा."

मी गेले.

एकतिसाव्या वर्षी परत पुस्तक उघडणं सोपं नव्हतं. वायूंचे नियम, औषधांची मात्रा, हृदयाचे ठोके, रक्तातला प्राणवायू. माझ्या बरोबरीच्या मुली माझ्याहून लहान होत्या, त्यांना एकदा वाचलेलं आठवायचं. मला पान उलटताना मध्येच वाटायचं, केतकीची नखं कापली असतील का?

आम्हाला शिकवणारे डॉक्टर इद्रीस सुदानचे. उंच, काळेसावळे, आवाज इतका हळू की पेशंट तो ऐकायलाच शांत व्हायचा. पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला एकही औषध हातात दिलं नाही. फक्त झोपलेल्या माणसाची हनुवटी दोन बोटांनी उचलून धरायची आणि त्याचा श्वास ऐकायचा. बोटं भरून यायची. एकदा मी विचारलं, "डॉक्टर, औषध द्यायला कधी शिकायचं?" ते म्हणाले, "औषध कुणीही देईल. दिल्यानंतर जो जागा राहतो, त्याला आपण हे काम शिकलेला म्हणतो."

तिकडचे पेशंट भुलीला 'बन्ज' म्हणत. ती आपलीच भांग, फिरत फिरत अरबीत गेलेली, असं डॉक्टर इद्रीसनीच मला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी 'भूल' म्हटलं, आणि अर्थ सांगताना अडखळले. भूल म्हणजे चूक. भूल म्हणजे विसर. भूल पडते ती मोहानंही पडते. आणि हीच भूल आपण माणसाला द्यायची, पण ती देताना आपण स्वतः काहीही विसरायचं नाही. मी हे इंग्रजीत सांगू शकले नाही. "झोपेसारखं काही तरी," एवढंच म्हटलं.

जुलैच्या सुरुवातीला शम्सा आली.

सहा वर्षांची मुलगी, रुस्ताकच्याच बाजूच्या एका खेड्यातली. खजूर उकळायच्या कढईजवळ खेळताना पाय घसरला आणि डावा पाय मांडीपर्यंत भाजला. असं भाजलं की एकदा ऑपरेशन करून भागत नाही. जखम साफ करायची, दुसरीकडची कातडी काढून तिथं लावायची, ती धरली का बघायचं, नाही धरली तर पुन्हा. आणि दर वेळी भूल. पहिल्या दिवशी मास्क बघून ती अशी किंचाळली की कॉरिडॉरमधले लोक थांबले. दोघांनी तिला धरलं होतं. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "तू बोल तिच्याशी."

माझं अरबी बाजारापुरतं. टोमॅटो, किती, खलास. मी तिच्या कानाशी वाकले आणि मराठीतच बोलायला लागले. केतकीला झोपवताना जे बडबडायचे तेच. चिऊ झोपली, काऊ झोपला, डोंगर झोपला, डोंगरावरची शेळी झोपली. तिला एक अक्षर कळत नव्हतं. पण ती किंचाळायची थांबली आणि हे काय चाललंय म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात मी मास्क जवळ आणला. शेळी झोपेपर्यंत शम्साही झोपली.

मग ती माझीच झाली. दुसऱ्या कुणाला ती मास्क लावू देईना. मला 'खाला' म्हणायला लागली. खाला म्हणजे मावशी, अरबीतही आणि जुबेदाभाभींच्या घरातही. पुढच्या खेपेला तिनं स्वतःच मला आठवण करून दिली, "खाला, शेली?" शेळीतला ळ काही तिला जमायचा नाही.

दर बुधवारी दुपारी काम संपलं की मी भाड्याच्या सहा सीटच्या टॅक्सीत बसून रुस्ताकला यायचे. तेव्हा तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. तशीच एका बुधवारी आले. जुलै म्हणजे प्रकाशच्या कामाचा कळस. गावातला एसी बंद पडला की लोक त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून न्यायचे. त्यामुळे केतकीचा दिवस भाभींकडेच जायचा. मी त्यांच्या अंगणात शिरले तर ती मुलांच्या घोळक्यात बसून खजुराच्या बिया रांगेत लावत होती. तिनं मान वर केली, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी हसली आणि आत पळत गेली. "खाला, आई आलीय!"

ती माझ्याकडे धावत आली नाही. मी आल्याचं सांगायला ती धावली.

झोपायच्या वेळी ती माझ्या मांडीवर तळमळत राहिली. मी गोष्ट सांगितली, थोपटलं. शेवटी हुंदके देत म्हणाली, "मना खालाकडं जायचाय." मना. जायचाय. ही माझी मुलगी, आणि हे शब्द माझे नव्हते. प्रकाशनं तिला उचललं, शेजारी नेलं आणि परत आला.

"झोपली. लगेच झोपली," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला बिचारा. पण तो 'लगेच' माझ्या काळजात जाऊन बसला. मस्कतला मी एका परक्या मुलीला दर आठवड्याला झोपवत होते, आणि माझ्या मुलीला झोपायला माझी गरज उरली नव्हती.

शनिवारी मी डॉक्टर इद्रीसना सांगितलं की मी हे सोडतेय. मला परत जाऊ द्या, वॉर्डात टाका, पाळ्या चालतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "ठीक आहे. मी थांबवणार नाही. पण उद्या शम्साचं ऑपरेशन आहे. तेवढं करून जा."

ऑपरेशन झालं. कातडी चांगली धरेल अशी चिन्हं होती. शम्साला वॉर्डात सोडून मी तिच्या आईशेजारी बाकावर बसले. तिचं नाव जुवैना. माझ्याहून लहानच असावी. तोवर आमचं बोलणं म्हणजे मोडकं अरबी, मोडकं हिंदी आणि हातवारे. तरी तिला माझा चेहरा वाचता आला.

"काय झालं?"

मी सांगितलं. जमेल तसं. मुलगी, शेजारीण, खाला, झोप.

"ती उपाशी असते?"

"नाही."

"शेजारीण मारते तिला?"

"छे! जीव लावते."

"मग रडतेस कशाला?"

मी डोळे पुसले. तेव्हा तिनं सांगितलं की तिला घरी सात महिन्यांचा मुलगा आहे, सालेम. ती शम्साला घेऊन इथं आल्यापासून तिची जाऊ त्याला अंगावर पाजते. "आमच्यात जिनं पाजलं ती आईच. तिची मुलं आता त्याची भावंडं. लग्नसुद्धा चालत नाही त्यांच्यात." दोन बोटं वर करून ती म्हणाली, "त्याला आता दोन आया. तू म्हणतेस, माझी एक गेली. अगं, तिची एक वाढली."

इतकं ठसक्यात बोलून ती उठली आणि छातीशी शाल आवळून न्हाणीघराकडे गेली. तिच्या कपड्यांवर ओल आली होती. तिचं दूध अजून थांबलं नव्हतं. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा तिचेही डोळे लाल होते. तिच्या बोलण्यानं मला जेवढा धीर आला त्याहून जास्त त्या लाल डोळ्यांनी आला. म्हणजे तिलाही दुखत होतं. दुखत असतानाच ती हे मान्य करत होती.

मी परत डॉक्टरांच्या खोलीकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला थिएटरमध्ये उभी राहिले.

त्या आठवड्याच्या शुक्रवारची दुपार मला अजून स्वच्छ दिसते. बाहेर ऊन असं की अंगणातली चप्पल उचलवत नव्हती. भाभींच्या घरी सगळ्यांची जेवणं झाली होती. सुरमईचं कालवण आणि भात. मुलं गाद्यांवर लोळत होती. केतकी भाभींच्या कुशीत शिरायला लागली तेव्हा मी म्हटलं, "भाभी, मीपण इथंच आडवी होऊ का?"

"घर कोणाचा हाय? ये," म्हणत त्या सरकल्या. मी केतकीच्या दुसऱ्या बाजूला पडले आणि तिला थोपटायला लागले. तिनं माझा हात धरला.

"असं नाय."

"मग कसं?"

"असं." तिनं स्वतःच्या पाठीवर उलटा हात नेऊन दाखवायचा प्रयत्न केला. "खाला, तू दाखव."

भाभींनी दाखवलं. तळहात पोकळ धरायचा, दोनदा थोपटायचं, थांबायचं, मग खांद्यापर्यंत हात फिरवायचा. मी करून बघितलं. केतकी डोळे मिटून परीक्षा घेत होती. "नाय. हलू." मी आणखी हळू केलं. भाभी गालातल्या गालात हसत होत्या. मस्कतला हनुवटी कशी धरायची ते शिकले होते, इथं पाठ कशी थोपटायची ते शिकले. जरा वेळानं केतकीचा श्वास लांबला. मी तो ऐकत राहिले. झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकायची आता सवयच झाली होती.

तिच्या पलीकडून भाभी पुटपुटल्या, "बघ, निजली. तुज्याच हातान निजली."

ऑगस्टच्या शेवटी शम्सा कुबडी घेऊन का होईना, पण चालत घरी गेली. तिचा बाप पिकअपमधून एक टोपलीभर रुतब, म्हणजे पिकून मऊ झालेले खजूर, घेऊन आला होता. त्यातल्या सगळ्यात गोड जातीचं नाव खलास. मी हसायला लागले. संपलं, झालं, पुरे, या सगळ्याला तिकडे हाच शब्द. शम्साला वाटलं मी तिला हसतेय, म्हणून ती फुरंगटून गाडीत बसली आणि शेवटच्या क्षणी खिडकीतून हात हलवला.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत माझी जीभ पहिल्या प्रश्नाला टाळ्याला चिकटली, दुसऱ्यापासून सुटली. पास झाले आणि रुस्ताकला परत आले.

आणि हो, पाळ्या खरंच नव्हत्या. पण कॉल होता! हे मेट्रननं सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणी खजुराच्या झाडावरून पडलं, की बोलावणं यायचं. कणीक हाताला तशीच. गणपतीच्या आरतीतून मी दोनदा उठून गेलेय. केतकीच्या एका वाढदिवसाच्या फोटोत केक आहे, प्रकाश आहे, भाभींचे तिघे मुलगे आहेत, मी नाही. काम आणि घर यांचा मेळ कसा घालायचा, हे हल्ली तरुण मुली मला विचारतात. मला सांगता येत नाही. माझा कधी बसलाच नाही. रोज कुठेतरी काही राहायचं, आणि जे राहिलं ते दुसरं कुणीतरी उचलायचं. प्रकाश तारा जोडणाऱ्या त्याच बोटांनी केतकीच्या दोन वेण्या घालायला शिकला. भांग वाकडा पडायचा, पण वेण्या संध्याकाळपर्यंत सुटायच्या नाहीत. उरलेलं सगळं भाभी.

केतकी शाळेत इंग्रजी बोलायची आणि घरी भाभींचं मराठी. सुट्टीत देवरूखला गेलो की सासूबाई म्हणायच्या, "अगं, ही कुठल्या मोहल्ल्यातलं बोलते?" केतकी निरागसपणे सांगायची, "हर्णैचा." ती हर्णैला कधी गेलीही नव्हती.

मग दोन हजार साल मागे पडलं. भाभींचे मुलगे मोठे होऊन इकडेतिकडे गेले. केतकी दहावीला आली. तिच्या परीक्षेच्या मार्च महिन्यात भाभींच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. काढायचं ठरलं ते आमच्याच हॉस्पिटलात. भुलीचे डॉक्टर होते, दुसऱ्या एका नर्सला उभं करता आलं असतं. पण भाभींनी बजावलं, "वृंदा नसल तर मी टेबलावर चढायची नाय."

मी इतकी वर्षं शेकडो माणसांना झोपवलं होतं. त्या सकाळी मी मास्क आणि नळ्या पुन्हा पुन्हा तपासल्या. भाभींना हिरवी टोपी घातलेली, डोक्यावर ओढणी नाही, त्यामुळे एकदम लहान दिसत होत्या. छताच्या दिव्यांकडे बघत त्या ओठांतल्या ओठांत काही तरी म्हणत होत्या. डॉक्टरांनी सुई लावली. मी मास्क हातात घेऊन त्यांच्या उशाशी वाकले.

"घाबरलात, भाभी?"

"मी कशाला घाबरू?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "अगो वृंदा, आज पोरीचा गणिताचा पेपर ना? ती जेवून गेली..."

आणि त्यांचे डोळे मिटले. मनगटावरची पकड सुटली.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ मी त्यांच्या श्वासावरून नजर काढली नाही. सगळं व्यवस्थित झालं. औषध थांबवलं, नळी काढली, मी हाका मारायला लागले, "भाभी, डोळे उघडा. झालं ऑपरेशन. खलास." बराच वेळ काही नाही. मग पापण्या हलल्या. ओठ कोरडे, आवाज घोगरा. भुलीत माणसाला काळ गेलेला कळत नाही. झोपून उठल्यावर कळतं, तसं ते नसतं. आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण एकमेकांना नुसते चिकटतात. भाभींनी माझ्याकडे बघितलं आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

"...का तशीच गेली?"

"जेवून गेली," मी म्हटलं. "तुम्ही काल करून ठेवलेल्या भाकऱ्या आणि कालवण. तेच खाऊन गेली."

तेव्हा कुठं भाभींनी परत डोळे मिटले, आणि या वेळी भुलीशिवाय झोपल्या.